एकाचे की सगळ्यांचे?

२०२० च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या एका इस्टेट एजंटाने फेसबुकवर दुसऱ्या एका एजंटाला टोमणा मारला. कोट्यवधींची घरे विकतो, पण एम्प्लॉयीज सुपरॲन्युएशन भरायला याच्याकडे पैसे नाहीत, असा त्याचा रोख. सुपरॲन्युएशन म्हणजे नोकरदाराच्या निवृत्तीसाठी मालकाने भरायची रक्कम, साधारण आपल्या पीएफसारखी. बारा तासांच्या आत त्याने मजकूर काढून टाकला, तरी बदनामीचा दावा व्हायचा तो झालाच. वर्षभराने, २०२१ मध्ये, दावा सुरुवातीलाच फेटाळावा ही त्याची विनंती न्यायाधीशांनी नाकारली. कारण देताना त्यांनी बोट ठेवले ते ‘एम्प्लॉयीज’ या शब्दावर. त्यात अपॉस्ट्रॉफी नव्हतीच, त्यामुळे तो सरळ अनेकवचनी वाचला जात होता. एका कर्मचाऱ्याचे पैसे राहिले तर ती दुर्दैवी गोष्ट म्हणता येईल. अनेकांचे राहिले तर ते जाणूनबुजून केल्यासारखे दिसते, असा त्यांचा विचार. ‘एस’च्या आधी एक टिंबाएवढी खूण असती, तर आरोपाचे वजन बरेच उतरले असते.

इंग्रजीतल्या अनेकवचनी षष्ठीवर आजवर जे लिहिले गेले, त्यातला बराच भाग शुद्ध-अशुद्धाच्या तक्रारींचा आहे. दुकानाच्या पाटीवर काय चुकले, परीक्षेत मुले काय लिहितात, नवी पिढी कशी बिघडली, वगैरे. या तक्रारी बाजूला ठेवल्या तर खाली एक साधा प्रश्न उरतो. हे चिन्ह मालकी दाखवते असे शाळेत शिकवतात. मला वाटते, मालकी तर ‘एस’चा आवाजच सांगून टाकतो. चिन्हाची जागा सांगते ती मोजदाद: मालक एक की अनेक? गंमत म्हणजे हा प्रश्न बोलताना इंग्रजी माणूस स्वतःला कधीच विचारत नाही. फक्त लिहिताना त्याला तो सोडवावा लागतो.

देवनागरीत ही भानगड दाखवायची तर अशी लिहिता येईल: ‘टीचर’स’ म्हणजे एका शिक्षकाचे, ‘टीचर्स’’ म्हणजे अनेक शिक्षकांचे आणि नुसते ‘टीचर्स’ म्हणजे अनेक शिक्षक. कान तिन्हीत तसूभर फरक करत नाही. कोणी ‘माय सिस्टर्स डॉक्टर्स ॲडव्हाइस’ असे म्हणाले, तर एका बहिणीच्या एका डॉक्टरचा सल्ला, एका बहिणीच्या अनेक डॉक्टरांचा, अनेक बहिणींच्या एका डॉक्टरचा आणि अनेक बहिणींच्या अनेक डॉक्टरांचा, असे चार अर्थ त्याच आवाजात बसतात. बोलण्यात हे कुठे अडत नाही, कारण बहिणी किती ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. कागदाला ते ठाऊक नसते.

मग अनेकवचनी शब्दापुढे षष्ठीचा ‘एस’ येतो तरी का, की येतच नाही? तो आत असतो, पण ऐकू येत नाही. अनेकवचनाचा ‘एस’ आणि षष्ठीचा ‘एस’ लागोपाठ आले की इंग्रजी त्यातला एक गिळते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ अर्नल्ड झ्विकी यांनी १९८७ साली या गिळण्यावर एक निबंधच लिहिला. पुरावा हवा असेल तर ज्या शब्दांचे अनेकवचन ‘एस’ने होत नाही ते पाहावेत. ‘चिल्ड्रन’, ‘मेन’, ‘विमेन’, ‘पीपल’ या शब्दांना षष्ठी लावताना ‘एस’ स्पष्ट ऐकू येतो: चिल्ड्रन’स, मेन’स. म्हणजे अनेकवचनालाही षष्ठी आहे, फक्त बहुसंख्य शब्दांत ती मुकी झाली. ‘चिल्ड्रन’चे रूप जर नेहमीसारखे ‘चाइल्ड्स’ असते, तर ही गोष्ट सिद्ध करायला बराच घाम गाळावा लागला असता.

इतिहास थोडक्यात सांगता येईल. जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन आक्रमणाच्या आधीच्या भाषेत, आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांच्या मोठ्या गटात एकवचनी षष्ठीला ‘एस’चा प्रत्यय होता, अनेकवचनी षष्ठीला मात्र ‘आ’सारखा वेगळाच स्वर. दोन्ही रूपे कानाला निराळी लागत, त्यामुळे खुणेची गरज नव्हती. पुढे शब्दांचे शेवट झिजले, विभक्त्या गळाल्या आणि टिकलेला ‘एस’ सगळीकडे पसरला: एकवचनी षष्ठीला, अनेकवचनाला, अनेकवचनी षष्ठीलाही. एकाच अक्षरावर तीन कामे आली. अपॉस्ट्रॉफी त्यानंतर, सोळाव्या शतकात, फ्रेंच मुद्रकांकडून इंग्लंडमध्ये आली आणि तीही गाळलेले अक्षर दाखवायला. षष्ठीशी तिचा संबंध हळूहळू जुळला. एकवचनी षष्ठीत ती आधी रुळली. ‘एस’नंतर ती ठेवून अनेकवचन दाखवायचे, हा संकेत अठराव्या शतकातही वादात होता आणि एकोणिसाव्यात कुठे स्थिरावला. ज्या नियमावरून आज लोक एकमेकांना अडाणी ठरवतात, तो शेक्सपिअरला माहीत नव्हता.

मधल्या काळात एक मजेदार गैरसमज होऊन गेला. षष्ठीचा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चे आखूड रूप आहे, असे अनेक शिकलेल्यांना वाटे. ‘जॉन हिज बुक’ असे खरोखर लिहिले जाई. निबंधकार जोसेफ ॲडिसन यांनी १७११ साली ‘स्पेक्टेटर’मध्ये हा समज उचलून धरला. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशातल्या व्याकरणात आणि रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात तो खोडून काढला. बाईच्या वस्तूला ‘हिज’ कसे चालेल, आणि अनेकांच्या वस्तूला तर मुळीच कसे चालेल, हे ॲडिसनच्या लक्षात यायला हवे होते.

मराठी वाचकाला ही मोजदाद परकी वाटू नये. ‘विद्यार्थ्याचे पालक’ आणि ‘विद्यार्थ्यांचे पालक’ यांत फरक आहे तो एका टिंबाचा. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने १९६२ साली मान्य केलेले लेखनाचे नियम याबाबत पाहण्यासारखे आहेत. ‘घरीं’, ‘तेथें’, ‘नांव’ यांवरचे न उच्चारलेले अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले. अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र ठेवला, कारण तो ऐकू येतो. जे बोलतो ते लिहू, ही कसोटी. इंग्रजीला ही कसोटी लावली असती तर अपॉस्ट्रॉफी एका बैठकीत गेली असती आणि तिच्यासोबत एक-अनेकाचा भेदही. आपले टिंब उच्चाराच्या बळावर टिकले, त्यांचे चिन्ह केवळ छापखान्याच्या शिस्तीवर. म्हणूनच ते सदोदित आजारी असते.

अर्थात आपले टिंबही वाटते तितके प्रामाणिक नाही. ‘साहेबांची गाडी’ एकाच साहेबांची असते आणि ‘सरांची वही’ एकाच सरांची. आदरार्थी अनेकवचनाने आपली मोजणी कधीच पातळ करून ठेवली आहे. मराठी माध्यमातून आलेला एखादा हुशार मुलगा इंग्रजीत मुख्याध्यापकांच्या खोलीला अनेकवचनी षष्ठी लावतो, तेव्हा त्याचे गणित चुकलेले नसते. तो नमस्कार करत असतो.

मोजदादीचा एक देखणा नमुना इंग्लंडच्या दोन विद्यापीठांत आहे. ऑक्सफर्डचे ‘क्वीन’स कॉलेज’ १३४१ साली राणी फिलिपा यांच्या सन्मानार्थ उभे राहिले. राणी एक, म्हणून चिन्ह ‘एस’च्या आधी. केंब्रिजचे ‘क्वीन्स’ कॉलेज’ १४४८ साली मार्गारेट ऑफ आंजू यांनी स्थापले आणि १४६५ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल यांनी त्याची पुनर्स्थापना केली. राण्या दोन, म्हणून चिन्ह ‘एस’नंतर. या दोघींचे पक्ष इंग्लंडच्या यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढले. कॉलेजच्या नावात मात्र दोघी एकाच अपॉस्ट्रॉफीखाली नांदतात. हे नाव कोणी चुकवले की केंब्रिजवाले दुरुस्त करतात आणि ते बरोबरच करतात, कारण चिन्ह सरकले की एक राणी इतिहासातून गळते.

मातृदिनाची कथा याहून बोलकी वाटते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात ॲन जार्विस या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयांच्या मंडळ्या काढल्या: स्वच्छता, मुलांचे आजार आणि यादवी युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या घरांत सलोखा, अशी कामे. त्यांच्या उपक्रमांच्या नावात ‘मदर्स’’ होते, अनेकवचनी. एकत्र येऊन काम करणाऱ्या आया. त्या १९०५ साली गेल्या. त्यांची मुलगी ॲना हिने आईच्या आठवणीसाठी एक दिवस पाळावा म्हणून मोहीम उघडली, १९०८ मध्ये ग्राफ्टन गावात पहिला सोहळा केला आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस जाहीर केला. ॲनाचा आग्रह होता की नाव ‘मदर’स डे’ असेच लिहायचे, एकवचनी. प्रत्येकाने आपल्या एका आईची आठवण काढायची, जगातल्या समस्त आयांची नव्हे. पुढे फुलवाले आणि भेटकार्डवाले त्या दिवसावर तुटून पडले, तेव्हा ती स्वतःच त्याच्या विरोधात उभी राहिली. आईच्या नावात चिन्ह ‘एस’नंतर होते, मुलीच्या नावात ‘एस’च्या आधी आले, एवढ्या सरकण्यात एका सामाजिक चळवळीचा घरगुती सण झाला. हे केवळ व्याकरण आहे असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणू द्यावे.

‘पीपल’ या शब्दात तर ही मोजणी थेट राजकारणात शिरते. ‘पीपल’ म्हणजे लोक, मुळातच अनेक. त्याची षष्ठी ‘पीपल’स’: चीनच्या प्रजासत्ताकाच्या नावात आहे तीच आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली मुंबईत स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावातही तीच. पण ‘पीपल्स’ असे आणखी एक अनेकवचन आहे. त्याचा अर्थ लोकसमूह, जनसमुदाय. १९८१ साली आफ्रिकी देशांनी मानवी हक्कांची जी सनद स्वीकारली तिच्या नावात ‘पीपल्स’’ आहे, ‘एस’नंतर चिन्ह असलेले. आफ्रिकेत एकच एक लोक नाहीत, अनेक समुदाय आहेत आणि समुदाय म्हणूनही त्यांना हक्क आहेत, हा त्या सनदेचा गाभा चिन्हाच्या जागेत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मूलनिवासींसाठी ‘पीपल्स’ हे रूप आले, त्यामागेही अनेक वर्षांची घासाघीस होती. त्या एका ‘एस’ने समुदायाला स्वयंनिर्णयाचा दावा करता येतो, म्हणून कित्येक सरकारे तो टाळू पाहत होती.

आपल्या जुन्या कामगार कायद्यांच्या इंग्रजी नावांकडे या नजरेने पाहिले तर नवल वाटते. १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा, दोन्हींत ‘एम्प्लॉयीज’’, म्हणजे अनेक कर्मचाऱ्यांचा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या नावात आधी ‘वर्कमेन’स’ होते, तेही अनेकवचनीच. २००९ च्या दुरुस्तीने ते जुनाट, फक्त पुरुषवाचक नाव बदलले आणि त्या जागी आले ‘एम्प्लॉयी’ज’, एकवचनी. मुद्दाम केले की नाही हे दुरुस्तीच्या शब्दांवरून कळत नाही, पण अर्थाने ते शोभते. विमा आणि निधी सगळ्यांचा मिळून असतो. अपघातात बोट एकाचेच तुटते. कामगार न्यायालयाच्या आवारात टंकलेखन करणारे मात्र तिन्ही नावे एकाच छापाची लिहितात आणि त्यावरून कोणाचा दावा फेटाळला जात नाही, हेही खरे.

इथपर्यंतची उदाहरणे चिन्हाच्या बाजूची. दुसरी बाजूही भक्कम आहे. ‘फार्मर्स मार्केट’ हे शेतकऱ्यांच्या मालकीचे असते का? नसते. तिथे शेतकरी माल विकतात, एवढेच. ‘टीचर्स कॉलेज’ शिक्षकांचे नव्हे, शिक्षक घडवणारे. अशा ठिकाणी पहिला शब्द मालक नसून विशेषणासारखा बसलेला आहे, तेव्हा चिन्ह कशाला, असे एका पक्षाचे म्हणणे. अमेरिकन वृत्तसंस्था असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका या पक्षाची: शब्द वर्णन करत असेल तर चिन्ह नको. शिकागो विद्यापीठाची पुस्तिका उलट्या पक्षाची: शेतकऱ्यांच्या बाजाराला ती चिन्ह लावते आणि सूट देते ती विशेषनामांना, म्हणजे ‘पब्लिशर्स वीकली’ किंवा ‘डायनर्स क्लब’ यांसारख्यांना. अमेरिकेच्या सरकारनेही ११ नोव्हेंबरच्या ‘व्हेटरन्स डे’तून चिन्ह गाळले आहे, दिवस माजी सैनिकांचा नाही, त्यांच्या सन्मानाचा आहे, असे कारण देऊन. हा तर्क मला थोडा ताणलेला वाटतो. त्याच न्यायाने मातृदिनही आईच्या मालकीचा नाही.

असोसिएटेड प्रेसचा नियम कुठे मोडतो तेही पाहण्यासारखे आहे. ‘टीचर्स कॉलेज’ला चिन्ह नको, पण ‘चिल्ड्रन’स हॉस्पिटल’ला हवे, असे तीच पुस्तिका सांगते. का? ‘चिल्ड्रन्स’ असा शब्दच इंग्रजीत नाही, म्हणून. दोन्ही ठिकाणी नाते तेच: शिक्षकांसाठी कॉलेज, मुलांसाठी इस्पितळ. म्हणजे ‘टीचर्स’मध्ये जे विशेषण म्हणून दाखवले जाते, ती मुळात मुकी षष्ठीच आहे, हे ‘चिल्ड्रन’ने पुन्हा एकदा उघडे पाडले.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसाला हा वाद आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल. आपण ‘शिक्षकांचा दिन’ म्हणत नाही, ‘शिक्षकदिन’ म्हणतो. बालदिन, ग्राहक मंच, कामगार न्यायालय. षष्ठी तत्पुरुष समास झाला की प्रत्यय जातो आणि प्रत्ययासोबत मोजणीही जाते. शिक्षकाचा दिन की शिक्षकांचा, हा प्रश्न फक्त विग्रह सोडवताना परीक्षेत पडतो. एरवी समास त्यावर मौन पाळतो. इंग्रजीतले चिन्ह गळालेले ‘फार्मर्स मार्केट’ म्हणजे असाच अर्धवट पिकलेला समास. संस्थेचे, पदाचे, दिवसाचे नाव रूढ झाले की भाषा विग्रह विचारेनाशी होते. म्हणून पाच सप्टेंबरला शाळाशाळांच्या फलकांवर ‘टीचर’स डे’, ‘टीचर्स’ डे’ आणि ‘टीचर्स डे’ अशी तिन्ही रूपे झळकतात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. व्याकरणाने मधले रूप चोख, कारण दिवस सगळ्या शिक्षकांचा.

पाट्यांच्या लढाया वर्तमानपत्रांना फार आवडतात, इथे त्या झटपट उरकू. अमेरिकेत १८९० साली नेमलेले भौगोलिक नावांचे मंडळ ठिकाणांच्या नावांत मालकीदर्शक अपॉस्ट्रॉफी येऊ देत नाही. डोंगर-नदीच्या नावातून खाजगी मालकी सूचित होऊ नये, हे त्यामागचे धोरण. शतकाहून अधिक काळात अपवाद फक्त पाच, त्यातले ‘मार्था’ज व्हिन्यर्ड’ प्रसिद्ध. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पालिकेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरची चिन्हे काढण्याचे धोरण पक्के केले. केंब्रिजने तसेच ठरवून २०१४ मध्ये लोकांच्या गदारोळानंतर माघार घेतली. नॉर्थ यॉर्कशरमध्ये २०२४ साली हॅरोगेटमधल्या सेंट मेरीच्या नावाच्या रस्त्याच्या नव्या पाटीवर कोणीतरी हातानेच अपॉस्ट्रॉफी काढून ठेवली. संगणकातल्या पत्त्यांच्या नोंदीत विरामचिन्हांनी घोळ होतो, असे पालिकांचे म्हणणे. मुलांनी शुद्ध लिहायचे तर पाट्या तरी शुद्ध हव्यात, असे रहिवाशांचे. लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘अर्ल’स कोर्ट’ला चिन्ह आहे आणि लगतच्याच ‘बॅरन्स कोर्ट’ला नाही, पण गाडी दोन्हीकडे थांबते. यातली बहुतेक नावे एकवचनी आहेत. सेंट मेरी एकच असते, तेव्हा चिन्ह गेल्याने कोणाची मोजणी चुकत नाही. माझ्या मते हा लढा चुकीच्या रस्त्यावर लढला जातो. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरने कधीच चिन्ह टाकले आणि तिथे आजवर कोणी त्यामुळे हरवले नाही.

दुकानांनीही तोच रस्ता धरला. वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ च्या जानेवारीत नावातली अपॉस्ट्रॉफी काढली, तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती पुस्तकांचे दुकान म्हणून. हॅरॉड्स आणि बार्कलेज यांच्याबद्दल कोणी रडले नव्हते. संकेतस्थळाच्या पत्त्यात हे चिन्ह बसत नाही आणि हॅशटॅग तर तिथेच तुटतो, तेव्हा व्यापारी नावांत ते टिकणे कठीणच. या पडझडीविरुद्ध २००१ साली जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था काढली. त्याच वर्षी त्यांना साहित्याचे इग-नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारे पारितोषिक, मिळाले. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकला असे म्हणून त्यांनी संस्था बंद केली. २०२१ मध्ये ते गेले आणि पुढल्या वर्षी दुसऱ्यांनी संस्था पुन्हा सुरू केली. चिवटपणाला दाद द्यावी लागते. पण त्यांच्या तक्रारींत भाजीवाल्याच्या पाटीवरची चूक, म्हणजे नुसत्या अनेकवचनाला उगाच लावलेले चिन्ह, जितकी जागा खाते तितकी खरी धोक्याची चूक खात नाही. ‘टोमॅटो’ज’ वाचून कोणाची फसगत होत नाही. ‘एम्प्लॉयीज’ वाचून होते.

रोजच्या व्यवहारात मराठी माणसाला ही गोष्ट नडते ती तीन ठिकाणी. पहिले ठिकाण बायोडेटा. ‘तीन वर्षांचा अनुभव’ इंग्रजीत लिहायचा तर ‘थ्री इयर्स’ एक्सपिरिअन्स’, चिन्ह ‘एस’नंतर, एक वर्षाचा असेल तर आधी. इथे वर्षे अनुभवाची मालक नाहीत, पण जुनी षष्ठी काळाच्या मापात घट्ट बसली आहे. दोन आठवड्यांच्या नोटिशीचे तसेच. २००२ साली त्या नावाचा एक हॉलिवूडपट चिन्हाशिवाय झळकला, तेव्हा विरामचिन्हांवर गाजलेले पुस्तक लिहिणाऱ्या लिन ट्रस काठीला अपॉस्ट्रॉफी लावून पोस्टरपुढे उभ्या राहिल्या होत्या. पदवीचे उलटे: ‘मास्टर’स डिग्री’ ही एका पंडिताची, म्हणून एकवचनी; उमेदवाराने दोन विषयांत एमए केले तरी.

दुसरे ठिकाण आडनावे. न्यू जर्सीतले कुलकर्णी कुटुंब दिवाळीच्या कार्डावर ‘द कुलकर्णीज’ अशी सही करते. तिथे चिन्ह नको, ते नुसते अनेकवचन आहे. जेवण त्यांच्या घरी असेल तर ‘ॲट द कुलकर्णीज’’, आणि घर हा शब्द गाळलेला. हे रूप मराठी कानाला सरळ समजते, कारण ‘कुलकर्ण्यांकडे जेवायला’ म्हणताना आपणही घर गाळतो आणि टिंब ठेवतो. पंचाईत होते ती गोव्या-वसईच्या आडनावांची. फर्नांडिस मंडळींचे अनेकवचन नियमाने ‘फर्नांडिसेस’ आणि त्यांच्या घराला त्यापुढे चिन्ह. इतके शुद्ध लिहिणारा विरळा. बहुतेक जण ‘फर्नांडिस फॅमिली’ म्हणून सुटका करून घेतात. शहाणपण त्यातच आहे.

तिसरे ठिकाण हॉटेलचे मेन्यूकार्ड. भेंडीला इंग्रजीत ‘लेडी’ज फिंगर’ म्हणतात: एका बाईचे एक बोट. भाजीत भेंड्या पुष्कळ, म्हणून बोटे अनेक. मग बाया किती? कार्डावर ‘लेडीज फिंगर’ असते, म्हणजे अनेक बायांचे मिळून एक बोट. लोकलच्या ‘लेडीज’ डब्यामुळे तो शब्द आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की ‘एक लेडीज उभी आहे’ असे आपण सहज म्हणतो, तिथे आचाऱ्याला काय बोल लावणार.

सगळा पट पाहिल्यावर इंग्रजी पुढे कुठे जाते आहे याचा अंदाज येतो. चिन्ह ठेवायचे की काढायचे या भांडणाला कंटाळून भाषा तिसरी वाट काढते आहे: ‘एस’च नको. ‘यूजर्स मॅन्युअल’चे ‘यूजर मॅन्युअल’ केव्हाच झाले. कॅलिफोर्नियाचे वाहन खाते ‘ड्रायव्हर लायसन्स’ लिहिते. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना सरकारी कागदांत ‘फार्मर प्रोड्युसर ऑर्गनायझेशन’ म्हणतात, शेकडो सभासद असले तरी शेतकरी एकवचनी आणि निष्प्रत्यय. हा पुरा पिकलेला समास. नावांसाठी तो उत्तम, वादाला जागाच ठेवत नाही. करारात, आरोपपत्रात, मृत्युपत्रात मात्र तो चालणार नाही, कारण तिथे कोणाचे आणि किती जणांचे हेच तर ठरवायचे असते. ‘माय सन्स शेअर’ असे लिहून ठेवणाऱ्या बापाने चिन्हाची जागा आधी वकिलाला दाखवावी.

या तिसऱ्या वाटेने न जाणारे थोडे शब्द आहेत, तेच ते आडमुठे: चिल्ड्रन, मेन, विमेन. ‘चाइल्ड हॉस्पिटल’ कोणी म्हणत नाही. आठ मार्चच्या बॅनरवर ‘विमेन’ला चिन्ह कुठे द्यायचे हा प्रश्नच नसतो, ते ‘एस’च्या आधीच येणार. तिथे चूक होते ती स्वरात: ‘विमेन’स डे’च्या जागी ‘वुमन’स डे’ छापून येते आणि दिवस एकाच बाईचा होतो.